हप्ता कुणाच्या सोयीने?

गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईचा हिशेब तसा सरळ होता, तरी तो कधी जुळत नसे. पंधरा-वीस गिरणी कामगार तिच्याकडे दोन वेळ जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. पीठ, डाळ, तेल, रॉकेल मात्र रोज लागे. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर निघत, आणि उधारीचा माल म्हणजे चढा भाव, वर व्याज. त्यात संप झाला की कामगार जेवायचे थांबत नसत, पैसे तेवढे थांबत. मग अंगावरचं किडूकमिडूक गहाण पडे.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना बरोबर घेऊन. गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत मुरलेल्या या बाईंना गिरणगावाचं अर्थकारण तोंडपाठ होतं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि १९७२ पासून अगदी गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची सरकारी योजनाही होती. पण बँकेच्या दारात उभं राहायला तारण हवं, जामीन हवा, निदान सही तरी यायला हवी. मंडळाने बायकांचे गट केले, एकीला दुसरीची हमी दिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून छोटी कर्जं मिळवून दिली.

खानावळवाल्या बाईकडे भांडवल नव्हतं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. धंदा चालू होता, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, दोन पैसे सुटतही होते. अडचण होती ती पैसे जाण्याच्या आणि येण्याच्या तारखांची. गरिबांना कर्ज देण्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात व्याजदरावर भरपूर वाद झाले, तारखांवर फार कमी. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

बांगलादेशची गोष्ट आता शाळेच्या पुस्तकाइतकी परिचयाची झाली आहे, म्हणून थोडक्यात. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये शेजारच्या जोब्रा गावातल्या ४२ जणांना मिळून ८५६ टका, म्हणजे तेव्हाचे सुमारे २७ डॉलर, स्वतःच्या खिशातून दिले. १९८३ मध्ये ग्रामीण बँक रीतसर बँक झाली, २००६ मध्ये नोबेल मिळालं. बायकांचा गट, विनातारण कर्ज, दर आठवड्याला ठरल्या वारी हप्ता, हा साचा तिथून जगभर गेला. त्याच्या आधी, १९७४ मध्ये, इला भट यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या ४,००० कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक काढली होती. तिची सुरुवात बायकांच्या स्वतःच्या पैशातून झाली. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याकडे परत येऊ.

आपल्याकडे आज गावात दोन प्रकारचे गट दिसतात आणि बाहेरचा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. पहिला बचत गट. दहा ते वीस बायका, महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत, पैशाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे. जमलेल्या पैशातून गरजेप्रमाणे आपसांत कर्ज, बहुतेक ठिकाणी शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के व्याजाने. वर्षाचे चोवीस टक्के ऐकून शहरी माणूस दचकतो, पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि बायकांमध्येच वाटलं जातं. कर्नाटकातल्या मायराडा या संस्थेने असे गट बांधून दाखवल्यावर नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि पुढे ‘उमेद’ अभियान यांनी हे जाळं गावोगाव पसरवलं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब ही पंचसूत्री उमेदच्या कुठल्याही सीआरपी ताई, म्हणजे गटांचं काम पाहणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. गट नीट चालला तर बँक ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी देते.

दुसरा गट फायनान्सचा. बायका त्याला गटच म्हणतात, पण त्यात बचत नसते. कंपनीचा माणूस येतो, पाच-पाच जणींच्या ओळी लावतो, एकमेकींची हमी घेतो, आधार आणि फोटो काढतो आणि आठवडाभरात पैसे खात्यावर जमा होतात. बँकेच्या शाखेत बचत गटाची फाइल तीन-तीन महिने पडून राहते, त्या तुलनेत हा वेग म्हणजे चमत्कारच. बँकवाल्यांनी कितीही नाकं मुरडली तरी फायनान्स कंपन्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं ते बँकेच्याच ‘पुढच्या सोमवारी या’ने.

आता व्याजाचं गणित एकदा करून टाकू. गृहकर्जाचे ३० लाख एका माणसाला दिले की एक फाइल झाली आणि हप्ता आपोआप खात्यातून वळता होतो. तेच ३० लाख ४०-४० हजारांनी वाटले तर ७५ बायका झाल्या. पंधरा दिवसांचा हप्ता धरला तर वर्षाला १,९५० हप्ते कुणीतरी दुचाकीवर जाऊन मोजून आणायचे. शिवाय कंपनीला स्वतःला ठेवी घेता येत नाहीत. ती बँकेकडून व्याजाने पैसे उचलते आणि पुढे वाटते. म्हणून वीस-बावीस टक्क्यांपेक्षा कमी दरात हा धंदा सहसा बसत नाही. ‘लूट’ म्हणण्याआधी हा हिशेब पाहायला हवा. चेन्नईतल्या फळविक्रेत्यांची पाहणी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी नोंदवली आहे. सकाळी हजार रुपयांचा माल उधारीवर उचलायचा आणि रात्री वर सुमारे ४७ रुपये द्यायचे, असा तिथला रोजचा व्यवहार होता. दिवसाला जवळजवळ पाच टक्के! त्यापुढे वर्षाचे बावीस टक्के म्हणजे दिलासाच.

लबाडी व्हायची ती दर सांगण्याच्या पद्धतीत. ४० हजारांवर ‘सरळ १२ टक्के’ म्हणजे वर्षाचे ४,८०० रुपये व्याज, एकूण ४४,८००, महिन्याला ३,७३३ रुपये. ऐकायला बँकेसारखंच वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४० हजारांवरच चालू राहतं. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. वर प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापून हातात ३९ हजार टेकवले की आणखी चढतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार आता कर्जाचा खरा वार्षिक दर, सगळ्या कपातींसह, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत एका पानावर लिहून द्यावा लागतो. ते पान मागून घ्यावं, आणि गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावं.

तारखांचं काय? विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातली मजूर बाई घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी. या महिन्यांत हाताला काम आणि गाठीला पैसा असतो. फेब्रुवारी उलटला की जूनपर्यंत रोजगार हमीवरचं मिळेल ते काम, नाहीतर काहीच नाही. नेमक्या जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं आणि पेरणीची घाई. बीडकडची ऊसतोड कामगार बाई दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेते आणि कोयता घेऊन निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसते. या दोघींनाही फायनान्सचा हप्ता मात्र दर पंधरवड्याला, त्याच वारी, तेवढाच.

हप्ता गोळा करायची बैठक, म्हणजे सेंटर मीटिंग, पाहिली तर याचा अर्थ कळतो. सकाळी लवकर, मजुरीला जायच्या आधी, कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी टाकलेली असते. साहेब, म्हणजे बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा, टॅबवर नावं घेतो. बायका कार्ड आणि चुरगळलेल्या नोटा पुढे करतात. एकीचे पाचशे कमी भरतात. ‘ताई, सगळ्यांचे जमल्याशिवाय मला उठता येत नाही,’ तो म्हणतो, आणि ते खरं असतं. त्याच्यावर शाखेचं टार्गेट आहे, वसुली राहिली तर पगाराला कात्री आहे. त्याला उठता येत नाही म्हणून बायकांनाही उठता येत नाही. तिकडे मुकादम ओरडत असतो. शेवटी शेजारीण पदराची गाठ सोडून पाचशे देते, किंवा चौघी मिळून त्या बाईच्या दारात जाऊन बसतात. कंपनीच्या वहीत शंभर टक्के वसुली लागते. ते पाचशे कुठून आले हे त्या वहीत लिहायला रकाना नाही.

बऱ्याचदा ते दुसऱ्या फायनान्समधून येतात. मंगळवारचा हप्ता भरायला गुरुवारच्या गटाचं कर्ज. आंध्र प्रदेशात हेच झालं. एकेका बाईच्या नावावर चार-पाच कंपन्यांची कर्जं चढली. २०१० च्या उन्हाळ्यानंतर एसकेएस ही कंपनी मोठ्या थाटात शेअर बाजारात उतरली, आणि त्याच सुमारास वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. त्यातली दोन कलमं बोलकी होती: वसुली चारचौघांत, सार्वजनिक जागी करायची आणि हप्ता आठवड्याचा न घेता महिन्याचा घ्यायचा. त्या राज्यातली वसुली कोसळली, कंपन्या गाळात गेल्या. स्वतःच नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळे नियम केले.

आपल्याकडे तशीच ठिणगी २०१६ च्या अखेरीस विदर्भात पडली. नोटाबंदीने हातातली रोकड गेली, मजुरी थांबली, हप्ता थांबला नाही. कर्जमाफी होणार अशी आवई उठली, मोर्चे निघाले, अनेक तालुक्यांत बायकांनी हप्ते बंद केले. ‘फुकटाची सवय लागली’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, राज्यात शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. २०१९ मध्ये आणखी एक. दोन्ही शेतीसाठी कर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांसाठी. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला विकास सोसायटीचं पीक कर्ज मिळतं, त्याची परतफेड पीक हाती आल्यावर असते, व्याजात सवलत असते, आणि फारच बिघडलं तर माफीही होते. त्याच्याच शेतात खुरपायला जाणारी भूमिहीन बाई तिप्पट-चौपट दराने कर्ज घेते आणि पंधरा दिवसांनी फेडायला लागते. दोघांचंही पोट एकाच पावसावर आहे. हंगाम पाहून हप्ता ठरवायची अक्कल आपल्या सहकारी पतव्यवस्थेला कित्येक दशकांपासून आहे. ती जमिनीच्या मालकापर्यंत येऊन थांबली, एवढंच.

२०२२ चे नियम यात थोडे पुढे गेले आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज ते मायक्रोफायनान्स, मग देणारी बँक असो की कंपनी. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. हप्ता कर्जदाराच्या सोयीने ठरावा, असंही त्यात म्हटलं आहे. मात्र व्याजावरची मर्यादा काढली गेली, आणि २०२४ मध्ये चार कंपन्यांना अवाच्या सवा दरांवरून नवी कर्जं वाटायला काही काळ बंदी करण्याची वेळ रिझर्व्ह बँकेवर आली. निम्म्या उत्पन्नाची अट चांगली, पण उत्पन्न लिहितो कोण? तोच बावीस वर्षांचा मुलगा, टॅबवर, अंदाजाने. आणि तो वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागतो. मे महिन्यात तिच्याकडे त्या बाराव्या हिश्श्यातलं काही नसतं.

या कर्जांनी गरिबी हटते का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांत बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. निम्म्या वस्त्यांत स्पंदना या कंपनीने आधी शाखा उघडली, निम्म्यांत नाही, आणि दोन्हींची तुलना झाली. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला, काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-पान-तंबाखूवरचा खर्च कमी झाला. पण मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला मान, यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. २०१५ मध्ये अशा सहा देशांतल्या अभ्यासांचे निकाल एकत्र छापून आले. सगळ्यांचा सूर साधारण हाच. याचा अर्थ कर्ज निरुपयोगी आहे असा नाही. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, गळकं छप्पर यांना तोंड देता येणं हीदेखील मोठी गोष्ट आहे. फक्त शिलाई मशीन घेऊन लखपती झालेल्या बाईचा फोटो वार्षिक अहवालात छापताना जरा जपून छापावा.

त्याहून उद्बोधक प्रयोग कोलकात्यात झाला. काही बायकांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी पहिला हप्ता लावला, काहींना दोन महिन्यांनी. कर्ज तेच, व्याज तेच. ज्यांना सवड मिळाली त्यांनी पैसा खरोखर धंद्यात घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा बराच जास्त होता. ज्यांना लगेच हप्ता लागला त्यांनी धंद्यात कमी पैसा घातला. हे तर उघडच आहे: शेळी घेतली तर ती चौदाव्या दिवशी पैसे देत नाही. पण त्याच प्रयोगात बुडित कर्जंही वाढली. सवड मिळाली की धाडस वाढतं आणि धाडसात काही जण आपटतात. कंपनीला नेमकी हीच धास्ती असते. म्हणून ती लगेच हप्ता लावते आणि बायका जोखमीचा धंदा टाळून पैसा घरात वापरतात. हंगामानुसार हप्ता द्यायचा तर ही जोखीम कुणीतरी उचलली पाहिजे. पीक कर्जात ती सरकार आणि बँक उचलतात.

आठवडी बाजारात बसणारीला खरं तर मुदतीचं कर्ज नकोच आहे. तिला बड्या व्यापाऱ्याला मिळतं तसं कॅश क्रेडिट हवं: बाजाराच्या आदल्या दिवशी पाच हजार उचलावेत, बाजार उठला की साडेचार हजार परत टाकावेत, वापरलं तेवढ्याच दिवसांचं व्याज द्यावं. मोबाइलवर पैसे फिरू लागल्यापासून हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. पाच हजारांच्या मर्यादेसाठी कागद रंगवायला बँकेच्या शाखेत कुणाला वेळ नसतो, हे खरं कारण.

आणि सेवा बँकेची सुरुवात जिच्यातून झाली, ती बचत? कर्जाची भरभरून चर्चा करणारे बचतीवर दोन वाक्यांत आटोपतात. गरिबांच्या पैशाच्या व्यवहारांचे अभ्यासक स्टुअर्ट रुदरफोर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईचा व्यवहार नोंदवला आहे. ती दारोदार फिरून बायकांकडून रोज पाच रुपये गोळा करी. कार्डावर २२० चौकोन. सगळे भरले की ११०० रुपये होत, त्यातले १००० ती परत देई आणि १०० स्वतःला ठेवी. म्हणजे बायका आपलेच पैसे साठवायला पैसे मोजत होत्या, आणि खुशीने. घरात ठेवलेला पैसा नवरा, पाहुणा किंवा आजारपण, कुणी ना कुणी नेतंच. हीच गरज ओळखून उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोजचे दोन आणे दारात येऊन घेणारी पिग्मी ठेव सुरू केली. आज आपल्या प्रत्येक बाजारपेठेत पतसंस्थेचा पिग्मी एजंट फिरतो, पण पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखं विम्याचं संरक्षण नाही, आणि पतसंस्था बुडाल्याची झळ कुठल्या तालुक्याला बसली नाही?

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची बँक अशा बचतीच्या अडचणीतूनच निघाली. पावसाळ्याआधी छपरावर टाकायला ताडपत्री घ्यायची म्हणून रोज थोडे पैसे बाजूला ठेवू पाहणाऱ्या, रस्त्याकडेला लोखंडाचं काम करणाऱ्या एका बाईला बँकांनी खातं उघडू दिलं नाही; रक्कम फारच किरकोळ होती. तिथल्या कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका काही महिने अक्षरं गिरवत बसल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय तुम्ही आधी करता की आम्ही, पाहूच. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांच्या चाऱ्या-पाण्यासाठी बायका दागिने गहाण ठेवायला आल्या, तेव्हा याच मंडळींनी म्हसवडला चारा छावणी उघडली. दुष्काळात त्या बाईला आणखी एक कर्ज देणं सोपं होतं. तिला कर्जाची गरज पडू नये अशी सोय करणं हे बँकेचं काम आहे, असं मानणाऱ्या बँका थोड्या.

२०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा लघुवित्त बँकांना तत्त्वतः मंजुरी दिली. त्यांतल्या आठ आधी मायक्रोफायनान्स कंपन्या होत्या. आता त्यांना ठेवी घेता येतात. त्या घेतातही, मुख्यतः ठाण्या-पुण्याच्या निवृत्त माणसाकडून, ज्याला इतर बँकांपेक्षा टक्का-अर्धा टक्का जास्त मिळतो आणि ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. त्याची ठेव फिरून माणच्या किंवा माजलगावच्या बाईपर्यंत कर्ज म्हणून पोचते. ती बाई स्वतःचे पैसे भिशीत टाकते. हप्ता न्यायला येणारा मुलगा आता कंपनीचा नाही, बँकेचा आहे. दर पंधरवड्याला तिच्या ओसरीवर येतोच, टॅबही तोच आहे. हप्त्याबरोबर तिचे पन्नास रुपये ठेव म्हणून घेऊन पावती द्यायला त्याला बँकेने फक्त सांगायचं आहे, आणि त्याच्या टार्गेटमध्ये ते लिहायचं आहे.